स्क्रिप्ट न पोहोचलेले वाचक

'स्क्रिप्ट' या शब्दाचे मराठी माणसाला दोन अर्थ ठाऊक आहेत. एक लिपी आणि दुसरा नाटक-सिनेमाची संहिता. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो तिसरा अर्थ. आपण मोबाइलवर किंवा संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा मजकुरासोबत आणखी एक गोष्ट आपल्या यंत्रात गुपचूप उतरते. तो एक लहानमोठा प्रोग्रॅम असतो आणि तो आपल्याच यंत्रावर चालतो. बटण दाबल्यावर यादी उघडणे, अक्षरे टंकताच सूचना दिसणे, पान खाली सरकवले की नवा मजकूर येत राहणे ही सगळी त्याची करणी. त्याची भाषा जावास्क्रिप्ट, आणि बोलीत नुसते 'स्क्रिप्ट'.

हा प्रोग्रॅम चालला नाही तर पानाचे काय होते आणि काय व्हायला हवे, एवढाच प्रश्न मी गेली काही वर्षे धरून बसलो आहे. माझे शिक्षण या विषयातले नाही. जुन्या दिवाळी अंकांतील लेखांची एक सूची मी हौसेने तयार केली, ती वेबवर ठेवण्यासाठी लागेल तेवढे शिकत गेलो आणि त्या ओघात हा प्रश्न गळ्यात पडला.

आधी पानाची घडण पाहू. कोणतेही वेबपान तीन थरांचे असते. तळाचा थर एचटीएमएल. त्यात मजकूर असतो, आणि हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा, ही भरायची चौकट अशी त्या मजकुराची ओळख असते. दुसरा थर सीएसएस, म्हणजे रंग, टंक, मांडणी. तिसरा थर स्क्रिप्टचा. तिन्ही थर ब्राउझरच वाचतो, पण चुकीच्या बाबतीत त्यांचे स्वभाव वेगळे आहेत, आणि सगळ्या प्रकरणाचे मूळ या स्वभावभेदात आहे. एचटीएमएलमध्ये ब्राउझरला न कळणारी खूण आली तर तो खूण सोडून देतो आणि आतला मजकूर दाखवतो. सीएसएसमध्ये न कळणारी ओळ आली तर तेवढी ओळ गाळून पुढे जातो. जावास्क्रिप्ट असे सोशिक नाही. फाइलमध्ये एके ठिकाणी जरी ब्राउझरला अपरिचित वाक्यरचना आली, तरी ती अख्खी फाइल नाकारली जाते. पहिले दोन थर फाटले तर ठिगळ दिसते, तिसरा फाटला तर पार निकालात निघतो.

वेबचा जन्म झाला तेव्हा हा तिसरा थर नव्हताच. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली वेबचा प्रस्ताव मांडला, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे तंत्र सर्वांसाठी मुक्त केले. त्या काळच्या पानांत मजकूर आणि दुवे असत. लवकरच त्यात फॉर्म आले. चौकट भरायची, बटण दाबायचे, भरलेली माहिती दूरच्या सर्व्हरकडे जायची आणि उत्तर म्हणून नवे पान यायचे. शोध घेणे, अर्ज करणे, पत्र पाठवणे, खरेदी करणे हे सगळे एवढ्या सामग्रीवर होऊ शकत होते आणि आजही होऊ शकते.

१९९५च्या मे महिन्यात नेटस्केप या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत नव्या भाषेचा पहिला अवतार लिहिला. आधी तिचे नाव मोका होते, मग लाइव्हस्क्रिप्ट झाले आणि डिसेंबरात जावास्क्रिप्ट. जावा या तेव्हाच्या गाजलेल्या भाषेशी नाते नावापुरतेच. सुरुवातीला तिच्याकडे किरकोळ कामे होती: फॉर्ममध्ये काही राहून गेले तर टोकणे, चित्रावर बाण नेला की चित्र बदलणे. २००४ साली जीमेल आणि २००५ साली गूगल मॅप्स आले आणि लोकांनी पाहिले की पान नव्याने न मागवताही आतला मजकूर बदलता येतो. फेब्रुवारी २००५मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला एजॅक्स हे नाव दिले. तिथून पुढे पाहुणा घरमालक झाला. आज कित्येक संकेतस्थळांवर सर्व्हरकडून येणारे एचटीएमएल हे रिकामे पोते असते. मजकूर, यादी, चौकटी सगळे स्क्रिप्ट येऊन भरते. स्क्रिप्ट आली नाही तर पोते रिकामेच राहते आणि वाचकाला पांढरे पान दिसते.

आता कोणी म्हणेल, स्क्रिप्ट बंद ठेवून वेब पाहणारी माणसे असतील किती? चार विक्षिप्त. हा आक्षेप मी अनेक जाणत्या मंडळींकडून ऐकला आहे. त्याला उत्तर देणारा एक फार चांगला प्रयोग ब्रिटनच्या सरकारी डिजिटल विभागाने २०१३ साली केला. त्यांनी गव्ह डॉट यूके या सरकारी संकेतस्थळाच्या मुख्य पानावर तीन अदृश्य चित्रे ठेवली. पहिले साधे, जे कोणत्याही ब्राउझरने मागवावे. दुसरे स्क्रिप्टने मागवायचे, म्हणजे स्क्रिप्ट चालली तरच त्याची मागणी येणार. तिसरे 'नोस्क्रिप्ट' नावाच्या खुणेत, म्हणजे स्क्रिप्टची सोय बंद असेल किंवा नसेलच तर मागवले जाणारे. पाच लाखांहून अधिक भेटींची नोंद त्यांनी तपासली. दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्राच्या मागण्यांची बेरीज पहिल्याइतकी यायला हवी होती. ती आली नाही.

एकूण १.१ टक्के भेटींत, म्हणजे साधारण ९३मध्ये एका भेटीत, स्क्रिप्ट चालली नव्हती. त्यांतल्या फक्त ०.२ टक्के भेटी स्क्रिप्ट बंद ठेवणाऱ्यांच्या किंवा ती सोय नसलेल्या ब्राउझरच्या होत्या. उरलेल्या ०.९ टक्क्यांनी तिसरे चित्रही मागवले नव्हते. म्हणजे त्यांच्या ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट सुरू होती, ब्राउझर समर्थ होता, आणि तरीही स्क्रिप्ट काम करून गेली नाही. मधेच कुठेतरी ती हरवली.

या ०.९चा अर्थ नीट लावला पाहिजे. ही मोजणी भेटींची आहे. कोणी ठरावीक माणसे कायम वंचित आहेत असे ती सांगत नाही. बोगद्यात शिरलेल्या गाडीतला प्रवासी, कचेरीच्या कडक फायरवॉलमागे बसलेला कारकून, जाहिराती अडवणाऱ्या साधनाने भलतीच फाइल अडवलेला वाचक, फाइल उतरत असताना संपर्क तुटलेली विद्यार्थिनी, असे कोणीही त्यात येऊ शकते. आज तुम्ही, उद्या मी. यापूर्वी २०१० साली याहूने स्क्रिप्ट बंद असलेल्या भेटी मोजल्या होत्या. प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. अमेरिकेत सुमारे दोन टक्के आणि ब्राझीलमध्ये जेमतेम पाव टक्का. त्या मोजणीवरून वाद असा रंगला की इतक्या थोड्यांसाठी खटाटोप कशाला. ब्रिटिश प्रयोगाने वादाचा रोखच बदलला. प्रश्न आवडीनिवडीचा नाही, पोहोचण्याचा आहे.

पोहोचणे कसे अडते याचे ठळक उदाहरण जानेवारी २०१४मध्ये ब्रिटनमध्येच घडले. स्काय या इंटरनेट पुरवठादार कंपनीच्या, मुलांसाठी नको ती स्थळे अडवणाऱ्या चाळणीने जेक्वेरी या अतिशय प्रचलित स्क्रिप्ट-संग्रहाचा पत्ताच अडवला. असंख्य संकेतस्थळे हा संग्रह स्वतःकडे न ठेवता त्या एका पत्त्यावरून मागवत होती. ज्या घरांत ती चाळणी लावलेली होती, तिथे कोणतीही चूक नसलेली संकेतस्थळे मोडकी दिसू लागली. स्क्रिप्टवर जे जे बेतलेले होते ते बंद, आणि वाचकाला कारण कळायला काही मार्ग नाही.

आपल्याकडचे उदाहरण जिओफोनचे. २०१७ साली आलेला हा स्वस्त फोन, ५१२ मेगाबाइट स्मृतीचा, खेडोपाडी पोहोचला. त्यातली प्रणाली कायओएस. तिची २.५ ही आवृत्ती फायरफॉक्सच्या ४८व्या आवृत्तीच्या गाभ्यावर उभी आहे, आणि तो गाभा २०१६ सालचा. जावास्क्रिप्ट मात्र तिथे थांबली नाही. 'असिंक' नावाची नवी वाक्यरचना फायरफॉक्सला समजू लागली ती ५२व्या आवृत्तीपासून, मार्च २०१७मध्ये. आता एखाद्या संकेतस्थळाच्या फाइलमध्ये हा एक शब्द आला की वर सांगितलेल्या स्वभावानुसार त्या फोनमध्ये अख्खी फाइल बाद. स्क्रिप्ट 'सुरू' आहे, ब्राउझर 'आधुनिक' म्हणावा असा आहे, आणि पान मेलेले. त्याआधी आपल्याकडे बटणांच्या फोनवर ऑपेरा मिनीचे राज्य होते. तो ब्राउझर पान आधी आपल्या सर्व्हरवर उघडी, स्क्रिप्ट तिथेच थोडा वेळ चालवी आणि गोठवलेले, दाबून लहान केलेले पान फोनकडे पाठवी. डेटाचे पैसे वाचत म्हणून लोक तो वापरत. त्या गोठलेल्या पानात दुवे आणि फॉर्म चालत, बाकीच्या करामती बहुतेक चालत नसत.

जाणूनबुजून स्क्रिप्ट बंद ठेवणारेही आहेत, आणि ते विक्षिप्त नाहीत. ब्राउझरवर होणारे बरेच हल्ले आणि पाळत स्क्रिप्टच्या वाटेने येतात. इटलीचे जॉर्जिओ माओने यांनी २००५ साली फायरफॉक्ससाठी 'नोस्क्रिप्ट' हे साधन काढले. वरच्या खुणेचेच नाव, पण गोष्ट वेगळी. ओळख लपवून वेब पाहण्यासाठी पत्रकार आणि कार्यकर्ते जो टॉर ब्राउझर वापरतात, त्यात हे साधन बसवलेलेच असते, आणि सुरक्षिततेची सर्वांत वरची पातळी निवडली की सगळ्या स्थळांवरची स्क्रिप्ट बंद होते. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला स्क्रिप्ट सुरू करायला लावणारे संकेतस्थळ त्याच्याकडे भलतीच किंमत मागत असते.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो सद्हेतूने पसरवला जातो. अंध वाचक स्क्रिप्टविना वेब वाचतात, म्हणून स्क्रिप्ट नको, असे म्हटले जाते. १९९९ सालच्या सुलभतेच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत, डब्ल्यूसीएजी १.०मध्ये, स्क्रिप्ट बंद असतानाही पान वापरता आले पाहिजे असे कलम होते. २००८च्या दुसऱ्या आवृत्तीत ते कलम राहिले नाही. कारण पडदा वाचून दाखवणारी आजची साधने नेहमीच्या ब्राउझरबरोबर चालतात आणि ती वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट सुरूच असते. उलट, नीट लिहिलेली स्क्रिप्ट त्यांना मदत करते. अंध वाचकांची बाजू मांडायची तर ती त्यांच्या खऱ्या अडचणींवर मांडावी. आपल्या युक्तिवादाला वजन यावे म्हणून त्यांना पुढे करू नये.

मग करायचे काय? २००३ साली स्टीव्ह शँपिअन आणि निक फिंक यांनी प्रोग्रेसिव्ह एनहान्समेंट ही कल्पना मांडली. मी तिला पायरीपायरीने वाढ म्हणतो. आधी पानात वरणभात वाढावा, पक्वान्न मागून. एचटीएमएलमध्येच काम पूर्ण होईल अशी रचना करायची, आणि मग स्क्रिप्ट आली तर तिने तेच काम अधिक सोयीचे करायचे. हे तत्त्व सांगायला सोपे आहे. त्याचे खरे मर्म तपशिलात कळते, म्हणून आता तपशिलात शिरतो.

सूचीमधला शोध घ्या. शोधाची चौकट आणि बटण हा एक साधा फॉर्म आहे. वाचकाने शब्द टंकला, बटण दाबले की तो शब्द पत्त्यात जोडून सर्व्हरकडे जातो आणि निकालाचे पान येते. स्क्रिप्ट असेल तर टंकतानाच खाली सुचवण्या दिसतात, नसेल तर नाहीत. शोध दोन्हीकडे लागतो. आणि निकालाच्या पानाला स्वतःचा पत्ता असल्यामुळे तो पत्ता कोणालाही पाठवता येतो. अकारविल्हे याद्या म्हणजे अ, आ, इ असे साधे दुवे. पान खाली सरकवत राहिले की नोंदी येत राहणे मला मुळातच पसंत नाही, कारण शेवटाला पोहोचता येत नाही. पण कोणाला ते करायचेच असेल तर तळाशी 'पुढील नोंदी' हा खरा दुवा ठेवावा आणि स्क्रिप्टने त्या दुव्यावरून नोंदी आणाव्यात.

मराठीपुरती एक गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. 'दऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून त्याचा पाय मोडतात. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचे ठरीव प्रमाणीकरण केले तरी ते एक होत नाहीत. त्यासाठी आपला नियम आपणच लिहावा लागतो. हा नियम वाचकाच्या ब्राउझरमधल्या स्क्रिप्टमध्ये ठेवायचा की सर्व्हरवर, हा खरा प्रश्न. तो स्क्रिप्टमध्ये ठेवला तर स्क्रिप्ट न पोहोचलेल्या वाचकाला 'एकही नोंद सापडली नाही' असे पान मिळते. पान मोडलेले दिसत नाही, चूक झाल्याचे लक्षण नाही, आणि वाचक समजतो की तो लेख अस्तित्वातच नाही. पांढऱ्या पानापेक्षा हे वाईट. माझ्या सूचीत असे सगळे नियम सर्व्हरवर आहेत.

देवनागरी टंकनाचेही तेच. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी चौकट स्क्रिप्टवर चालते. मराठी विकिपीडियावर ती सोय आहे, पण तिथले वाचन आणि साध्या चौकटीतले संपादन तिच्यावाचून अडत नाही. फोनचा किंवा संगणकाचा स्वतःचा मराठी कळफलक वापरला की झाले. याउलट काही स्थळे स्वतःची टंकनचौकट सक्तीची करतात आणि कळफलकावरून थेट आलेली देवनागरी अक्षरे नाकारतात. हा आग्रह मला कधी कळला नाही.

सर्वांत जास्त माणसे अडतात ती अर्जांच्या फॉर्ममध्ये. आमच्या शेजारची मुलगी प्रवेशअर्ज भरत होती, शेवटच्या दिवशी संध्याकाळी. चार पाने भरून झाली आणि पाचव्यावर ती मला म्हणाली, ''काका, बटणच मेलंय.'' मी तिच्या फोनचे हॉटस्पॉट माझ्या लॅपटॉपला जोडून तेच पान उघडले आणि काय काय उतरते आहे ते पाहिले. मजकूर आला होता, चित्रे आली होती. स्क्रिप्टची एक मोठी फाइल मंद संपर्कात अर्धवट येऊन सुटत होती. आणि ज्याला ती बटण समजत होती ते बटणच नव्हते. तो रंगवलेला चौकोन होता, ज्यात जीव आणायचे काम त्या न आलेल्या फाइलकडे होते. रात्री उशिरा संपर्क सुधारला तेव्हा अर्ज गेला. न जाता तर तिने दोष कोणाला दिला असता? बहुधा स्वतःच्या फोनला.

खरा फॉर्म आणि खरे 'सादर करा' बटण ठेवले असते तर त्या चौकोनाची गरज नव्हती. माहिती बरोबर आहे का हे सर्व्हरला तपासावेच लागते, कारण ब्राउझरमधली तपासणी कोणीही टाळू शकतो. म्हणजे स्क्रिप्टची तपासणी ही फक्त लवकर टोकण्याची सोय ठरते. तीही आता बरीचशी एचटीएमएलच करते. चौकट सक्तीची आहे, इथे ईमेल हवा, इथे तारीख हवी हे एकेका शब्दात सांगता येते आणि ब्राउझर स्वतःच अडवतो.

आपल्या अर्जांतला आणखी एक अडसर म्हणजे जिल्हा आणि तालुका. जिल्हा निवडला की स्क्रिप्ट त्याचे तालुके आणून दुसरी यादी भरते. स्क्रिप्ट नसेल तर दुसरी यादी रिकामी, आणि ती सक्तीची असल्यामुळे अर्ज तिथेच थांबतो. यावर दोन उपाय आहेत. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आणि साडेतीनशेहून अधिक तालुके. एकाच यादीत जिल्हा हे उपशीर्षक देऊन त्याखाली तालुके ठेवता येतात. एचटीएमएलमध्ये याची सोय पूर्वीपासून आहे. यादी लांब होते हे खरे, पण ती पूर्ण असते. दुसरा उपाय म्हणजे एका पानावर जिल्हा विचारायचा, 'पुढे' दाबल्यावर पुढच्या पानावर त्याच जिल्ह्याचे तालुके द्यायचे. ब्रिटनच्या सरकारी सेवा असेच एका पानावर एकच गोष्ट विचारतात. लहान पडद्यावर ते वाचायलाही सोपे जाते. मला दुसरा उपाय जास्त आवडतो. पानाची पाने भरायला लावली अशी तक्रार येईल, पण दर टप्प्याला भरलेली माहिती सर्व्हरकडे पोहोचलेली असते, म्हणून ती तिथे साठवून ठेवता येते. मधेच वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

बाकी गोष्टी भराभर सांगतो. उघडझाप होणारा मजकूर हवा असेल तर 'डिटेल्स' आणि 'समरी' या खुणा आहेत, २०२०पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये त्या स्क्रिप्टशिवाय चालतात. चित्रे पान सरकेल तशी उतरावीत यासाठी पूर्वी चित्राचा खरा पत्ता लपवून ठेवण्याची युक्ती होती. ती सोडावी, कारण स्क्रिप्ट नसेल तर चित्र कधीच येत नाही. आता एचटीएमएलमध्ये 'लेझी' एवढे लिहिले की ब्राउझर ते काम करतो. मजकूर आधी अदृश्य ठेवून मग हळुवार उमटवण्याची फॅशन आहे. तिच्यात मजकूर पानात असूनही दिसत नाही, तेव्हा अदृश्य करण्याचे कामही स्क्रिप्टनेच करावे, म्हणजे ती आली नाही तर काही लपणारच नाही. याच न्यायाने 'छापा' किंवा 'नक्कल करा' अशी, स्क्रिप्टशिवाय निरुपयोगी बटणे पानात आधीपासून ठेवू नयेत. स्क्रिप्टनेच ती आणून लावावीत. आणि भरण्याच्या बँकेकडे नेणारे मधले पान, जे 'कृपया थांबा' म्हणून फिरत राहते, त्यात 'पुढे जा' हे साधे बटण असावे. पैशाच्या व्यवहारात अडकून पडण्याइतके माणसाला घाबरवणारे दुसरे काही नाही.

'नोस्क्रिप्ट' या खुणेवर मात्र फार भिस्त ठेवू नये. 'कृपया जावास्क्रिप्ट सुरू करा' ही पाटी तीतच लिहिलेली असते. ती दिसते फक्त सोय बंद असेल तेव्हा. ब्रिटिश प्रयोगातल्या ०.९ टक्क्यांना ती कधीच दिसली नसती, कारण त्यांच्या ब्राउझरच्या मते सोय सुरू होती. अलीकडे, २०२३मध्ये, सीएसएसमध्येही स्क्रिप्ट सुरू आहे की बंद हे विचारण्याची सोय प्रमुख ब्राउझरमध्ये आली, पण तिचे ज्ञानही सेटिंगपुरतेच. फाइल पोहोचली का, हे फक्त पोहोचलेली फाइलच सांगू शकते. बीबीसी न्यूजच्या तंत्रज्ञांनी २०१२ साली ही गोष्ट छान वापरली. त्यांनी सर्वांना आधी साधे, पूर्ण पान द्यायचे ठरवले. मग एक लहानशी स्क्रिप्ट ब्राउझरला तीन क्षमता आहेत का हे विचारी. उत्तर होय आले तरच जड स्क्रिप्ट मागवली जाई. इतरांना बातमी मिळालेलीच असे.

सगळेच असे करता येईल असा माझा दावा नाही. सरकवता येणारा नकाशा, व्हिडिओवरून बोलणे, चित्र काढायचे साधन या गोष्टी स्क्रिप्टविना होणार नाहीत आणि त्यांच्याकडून ती अपेक्षा करणे हट्टीपणा आहे. पण नकाशाच्या पानावर पत्ता अक्षरांत लिहिता येतो. बातमी, कविता, निकाल, परिपत्रक, बसचे वेळापत्रक आणि अर्ज यांना स्क्रिप्टवाचून अडण्याचे तांत्रिक कारण नाही. खर्चाचे कारण पुढे केले जाते. आधी स्क्रिप्टवर सगळे बांधून मग मागाहून ही सोय करायला गेल्यास खर्च येतोच, दुप्पट येतो. आरंभापासून पायरीपायरीने गेल्यास वेगळे काही बांधावे लागत नाही. वारे मात्र उलट दिशेला आहे. जीमेलचे साधे, स्क्रिप्टविना चालणारे रूप कित्येक वर्षे उपलब्ध होते. २०२४च्या आरंभी ते बंद करण्यात आले.

वाङ्मयाशी संबंध असलेल्यांनी या विषयाकडे पाहावे असे मला वाटते त्याचे आणखी एक कारण आहे. इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६पासून वेबपाने जतन करते आहे, आणि २००१पासून ती कोणालाही पाहता येतात. जुन्या लेखांचा माग काढताना मला तिचा फार उपयोग होतो. बंद पडलेल्या स्थळावरचा लेख एचटीएमएलमध्ये असेल तर तो जसाच्या तसा सापडतो. शीर्षक, परिच्छेद, लेखकाचे नाव, सारे. पण ज्या पानांत मजकूर नंतर स्क्रिप्टने आणला जात होता, त्यांपैकी अनेकांची जतन झालेली प्रत म्हणजे मथळ्याची पट्टी आणि मधे रिकामी जागा. मजकूर ज्या सर्व्हरवरून यायचा तो सर्व्हर गेला, त्याबरोबर मजकूरही गेला. मराठीत वेबवर निघालेल्या अंकांच्या बाबतीत हे पुढे ठायी ठायी आढळणार आहे. कागदी अंक निदान रद्दीत तरी सापडतो.

आपल्या ओळखीच्या एखाद्या संकेतस्थळाची परीक्षा कोणालाही घेता येईल. अँड्रॉइड फोनवर क्रोममध्ये तीन टिंबांवर टेकून सेटिंग्जमध्ये जावे, तिथे 'साइट सेटिंग्ज' आणि त्यात 'जावास्क्रिप्ट' आहे. ते बंद करावे. मग आपल्या मासिकाचे, ग्रंथालयाचे, नगरपालिकेचे, शाळेचे पान उघडावे. मजकूर वाचता येतो का, मेनूतून दुसऱ्या पानावर जाता येते का, शोध लागतो का आणि फॉर्म सादर होतो का, एवढे चार प्रश्न पुरतात. नंतर स्क्रिप्ट पुन्हा सुरू करावी आणि घराच्या ज्या कोपऱ्यात फोनला नीट रेंज येत नाही तिथे उभे राहून तीच पाने पुन्हा उघडावीत. ही दुसरी परीक्षा पहिलीपेक्षा कठीण असते. जे आढळेल ते तारखेसह लिहून त्या स्थळाच्या चालकांना कळवावे. पत्रात तत्त्वचर्चा नको. कोणते पान, कोणता फोन, कुठे अडले, एवढेच लिहावे. माझ्या अशा पत्रांतल्या बहुतेकांना उत्तर आले नाही. एका तालुक्याच्या ग्रंथालयाने मात्र आठवड्याच्या आत पुस्तकांच्या शोधाची चौकट बदलून घेतली आणि उलट मलाच विचारले की 'ऱ्य'चे काय करायचे.